मदत हवी आहे: बॅटरी केसिंग दोघांनी मिळून डिझाइन केलं, तर हक्क कोणाचा?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं (वितळलेला धातू डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पार्ट बनवण्याचं) छोटं युनिट आहे. आजवर ग्राहकाने ड्रॉइंग द्यायचं, आम्ही पार्ट द्यायचा. आता ई-स्कूटरची बॅटरी बनवणारी एक स्टार्टअप म्हणते, केसिंग सोबत बसून डिझाइन करू. मला हे मनापासून करायचंय. भिंत कुठे पातळ केली की पोरॉसिटी (धातूत बारीक छिद्रं) येते, गॅस्केटच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीच्या) खोबणीत इजेक्टर पिनची (पार्ट साच्याबाहेर ढकलणाऱ्या दांडीची) खूण राहिली की पाणी कसं शिरतं, हे आमच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसांना ठाऊक आहे.

गाडी अडलीय करारावर. मसुद्यात विकासाच्या काळात तयार झालेली सगळी बौद्धिक संपदा त्यांची, असं कलम आहे. मग डायमधली आमची सुधारणा दुसऱ्या ग्राहकासाठी वापरायचीच नाही का? तंत्रज्ञान वाटून वापरल्याचं उदाहरण आहे: ई-स्कूटर बनवणाऱ्या एथरने आपला चार्जिंग कनेक्टर इतरांना खुला केला, हिरोच्या विडा या ई-स्कूटर ब्रँडने तोच घेतला, पुढे तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात आला. पण तिथे दोन्ही बाजू तगड्या होत्या.

दुसरा प्रश्न चाचणीचा. 2022 मधल्या स्कूटरच्या आगींनंतर एआयएस-156 चे (ई-दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेच्या मानकाचे) नियम कडक झाले. एआरएआयमध्ये (पुण्यातल्या वाहन चाचणी संस्थेत) बॅटरी पॅक नापास झाला, तर फेरचाचणी आणि डाय दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा?

असा करार कोणी केला असेल तर आधीचं ज्ञान आणि नवं ज्ञान वेगळं कसं लिहिलंत, ते कृपया सांगा. पुण्यात या विषयातला चांगला वकील माहीत असेल तर तेही कळवा. पुढच्या आठवड्यात बैठक आहे.