अध्यात्म मानणारा उद्योगप्रमुख नीतीने वागतो का?

सांजवारा:
माझं मत, हो. जपानी उद्योगपती कझुओ इनामोरींचंच बघा. १९५९ मध्ये क्योसेरा ही सिरॅमिक कंपनी उभी केली, १९९७ मध्ये झेन या बौद्ध पंथाची दीक्षा घेतली. जपान एअरलाइन्स २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना बिनपगारी अध्यक्ष झाले. २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. स्वतःच्या मनात डोकावायची सवय असली की मोह आवरता येतो.

हिशेबनीस:
आणि सुमारे १६ हजार नोकऱ्या गेल्या, सरकारी पाठबळाचा पैसा आला, ते सोयीस्कर गाळलंत! असो. हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या अमेरिकी ऊर्जा कंपनी एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले धर्मोपदेशकाचे चिरंजीव. तशाच घोटाळ्यातल्या वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीचे प्रमुख बर्नी एबर्स चर्चमध्ये बायबल शिकवायचे. २००५ मध्ये एबर्सना २५ वर्षांची शिक्षा झाली. तिथे रोजचा चालू खर्च भांडवली गुंतवणूक म्हणून दाखवून नफा फुगवला होता. हा घोटाळा पकडला कंपनीतल्याच सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, कुणाच्या अंतरात्म्याने नव्हे.

सांजवारा:
ते धार्मिक होते हो, आध्यात्मिक नव्हते. फरक आहे.

हिशेबनीस:
वा! चांगला निघाला तर आध्यात्मिक, घसरला तर नुसता धार्मिक. मग तुमचं म्हणणं खोटं ठरणार तरी कसं?

काठावरची:
मला चॉकलेटवाल्या कॅडबरीचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं कुटुंब, कामगारांसाठी बोर्नव्हिलसारखी वसाहत उभारणारं. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या तेव्हाच्या पोर्तुगीज बेटावरचा कोको गुलामीसारख्या मजुरीतून येतो, हे त्यांच्या कानावर १९०१ मध्ये आलं. चौकशी केली, माणसं पाठवली, पण खरेदी थांबवली १९०९ मध्ये. गिऱ्हाईक राहिलो तरच दबाव टाकता येईल, अशी भूमिका होती. मला वाटतं, श्रद्धेमुळेच ते चौकशीला लागले, आणि 'आपण भले लोक आहोत' या खात्रीमुळेच इतकी वर्षं खरेदी चालू ठेवू शकले. दुष्टपणा नव्हता. म्हणून तर जास्त खटकतं.

सांजवारा:
निदान शेवटी खरेदी थांबवली तरी! आणि हिशेबनीस, कूपर यांच्याकडे नियम होतेच. पण वरिष्ठ तपास लांबवा म्हणत असताना तो रेटायचं बळ कुठल्या नियमात लिहिलेलं असतं?

हिशेबनीस:
बळ लागतं, कबूल. ते ध्यानातून येवो नाहीतर हट्टातून. मात्र कूपर यांना थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीकडे जाता आलं, ती वाट नियमानेच ठेवलेली होती. ती वाट बंद असलेल्या कंपनीत देवभोळ्या अध्यक्षाला जाब कोण विचारणार, ते सांगा.