मदत हवी आहे: खड्याच्या ऑपरेशननंतर गिनी पिग खात नाहीये

नर, वय ४ वर्षं. परवा मूत्राशयातला खडा काढला, चांगला हरभऱ्याएवढा. लघवी होतेय, किंचित गुलाबी. टाके कोरडे आहेत. मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) आणि अँटिबायोटिक वेळेवर देतोय. पण स्वतःहून काही खात नाही. टिमोथी गवत, सिमला मिरची देऊन झाली. कोथिंबिरीची काडी हुंगतो आणि पाठ फिरवतो. (पालक आधीच बंद केलाय, कॅल्शियममुळे.) पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) भिजवून सिरिंजने दर तीन तासांनी ५ मिली भरवतोय, रात्रीसुद्धा. तरी वजन ९४० वरून ८९० ग्रॅमवर आलंय, लेंड्या बारीक आणि मोजक्याच. आमचे डॉक्टर आता थेट सोमवारी भेटतील, फोन लागत नाही.

एवढ्या वजनाला दिवसाला एकूण किती मिली जायला हवं? आणि पुण्यात रात्री गिनी पिग बघणारं कुणी आहे का?