कच्ची कल्पना बोलून दाखवण्याची भीती : आपले अनुभव

जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑसबर्न यांनी १९५३ साली मांडलेल्या विचारमंथनाच्या नियमांत, कल्पना पुढे येत असताना त्यांवर टीका करू नये, असे स्पष्ट सांगितले होते. तरीही सुचलेले ओठांवरच अडते, कारण टीका कोणी उच्चारली नाही तरी ती समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते. आपली भीती नेमकी कशाने कमी झाली, ते कृपया तपशिलाने लिहावे.

चाकण, सुट्या भागांचा कारखाना
रंगवलेल्या भागांवर ट्रॉलीत ओरखडे पडत, म्हणून क्वालिटी सर्कलमध्ये (कामातील अडचणींवर उपाय शोधणाऱ्या कामगारांच्या गटात) सर्वांकडून निनावी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. भाग एकावर एक रचण्याऐवजी वाळत घातलेल्या कपड्यांसारखे टांगावेत, असे मी लिहिले. सुपरवायझरांनी ते जसेच्या तसे फळ्यावर उतरवले आणि इतर चिठ्ठ्यांप्रमाणेच त्याचीही छाननी केली. भागाच्या वजनाने हूक वाकेल आणि लाइनवर तेवढी जागा नाही, या कारणांनी ती सूचना मागे पडली. सूचना फेटाळली जाताना कारणे वजनाची आणि जागेची असतात, हे समोर पाहिल्यामुळे पुढच्या बैठकीत मी हात वर करून बोलू शकले.

कोल्हापूर, सहकारी बँक
आमचे नवे शाखाधिकारी स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगतात. पूर्वी साहेब आधी बोलत आणि उरलेली बैठक माना डोलवण्यात जाई. माझ्या मते एवढा एक बदलही पुरेसा आहे.

श्टुटगार्ट (जर्मनी), अभियांत्रिकी
परक्या भाषेत अर्धवट विचार मांडताना भीती दुप्पट होते. आमच्या विभागात बेर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ ही पद्धत वापरतात : सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना जमू शकतात. एका कागदावर मी फक्त वेडेवाकडे रेखाचित्र काढले होते. शेजारच्या सहकाऱ्याने त्याखाली मापे लिहून ते पुढे नेले. येथून जवळच असलेल्या ट्युबिंगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डील आणि श्ट्रोबं यांनी १९८७ साली प्रयोगांतून दाखवले की, गटात बोलण्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागल्यानेच कल्पनांची संख्या मोठ्या प्रमाणात घटते. त्यामुळे संकोची माणसाला धीट होण्याचा उपदेश करण्याआधी त्याच्या हाती कागद द्यावा, असे मला कळकळीने वाटते.