दिवाळीतलं काय सोडलंत, काय ठेवलंत?

ओसरी: मागच्या नरक चतुर्दशीला सगळ्यांना उटणं लावून झाल्यावर मी ओट्याला टेकून उभ्या-उभ्याच झोपले. आठवडाभर सात जिन्नस तळत होते. यंदा घरी फक्त चिवडा आणि बेसनाचे लाडू. तुम्ही काय कमी केलंत? सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

जाळीदार: आमच्याकडे अनारसे सुटले. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, दमट असतानाच दळून चाळायचं, गूळ घालून पीठ मुरवायचं आणि एवढं करून तुपात पडल्यावर ते हसायचे, म्हणजे फुटून विरघळायचे! एकदा हसले की सासूबाईंचा अख्खा पाडवा गप्प. बोलायची हिंमत कुणाची नव्हती. शेवटी चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच म्हणाल्या, "तुम्हाला आवडतात म्हणून करत होते गं." घरात अनारसे आवडणारं माणूस एकच, सासरे; ते जाऊनही नऊ वर्षं झाली होती. आता ते चार दिवस सासूबाई अंगणात खुर्ची टाकून नातवाकडून किल्ला करून घेतात. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या हव्यातच. गेल्या वर्षी संजीवनी आखूड झाली म्हणून पाडायला लावली. हळीव मात्र स्वतः पेरतात, पोराच्या हाताला तो अंदाज नाही म्हणे.

धाकटा: पाच भावंडं, त्यामुळे भाऊबीजेला साड्या आणि शर्टपीस नुसते फिरत असायचे. बायकोने थोरल्या नणंदेला दिलेली साडी तिसऱ्या वर्षी घडीसकट आमच्याकडे परत आली. तेव्हापासून सरसकट १०१ रुपये ओवाळणी. बहिणी सुटल्या, आम्हीही.

फोवकार: आमच्या गोव्यात फराळाचं एवढं ओझं नाहीच. खरी धावपळ चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. दिवाळीला पहाटे नरकासुराचा पुतळा जळला की न्हाऊन कारीट फोडायचं आणि फोव (पोहे) खायचे: दुधातले, ताकातले, गुळाचे. आम्ही फक्त नरकासुराच्या रात्रीचं जागरण सोडलं. कानठळ्या बसतात हो.

हडसनकाठ: न्यू यॉर्कमध्ये आमची दिवाळी कायम पुढच्या शनिवारी, चाळीस माणसं, प्रत्येकाने एक पदार्थ. सरकारी शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली १ नोव्हेंबर २०२४ला. त्या दिवशी कुणालाच बोलावलं नाही. लेकीच्या पाठीला सावकाश तेल लावलं. "एवढंच?" म्हणाली. मग अर्धा तास न्हाणीघरातून बाहेर येईना.

माजघर: माझं जरा उलटं आहे. आम्ही सगळं विकत आणायला लागलो, आईसकट सगळे खूश. ती गेली आणि कळलं, चकलीच्या भाजणीचं माप कुणीच विचारून ठेवलेलं नाही. विकतची चकली वाईट नसते, पण आमची नसते. ओसरी, सोडा खुशाल, आधी लिहून ठेवा.

जाळीदार: @माजघर, आमचं घ्या. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ अर्धी, धणे-जिरे. प्रत्येक वेगळं भाजायचं, मोहन कडकडीत.

माजघर: आभार. ती पोहेही घालायची बहुतेक. भाजायला घेतले की एका कोपऱ्यात वेगळे ठेवलेले असायचे, एवढं नक्की आठवतंय. रविवारी करून बघतो.