शीआनला एक दिवस पुरतो का? बाबा माळकरी आहेत

निपाणीकर:
नमस्कार मंडळी, दिवाळी झाली की मी, आई आणि बाबा चीनला जाऊलालोय. बीजिंग, शांघाय ठरलंय पण बाबांनी जन्मभर हायस्कूलात इतिहास शिकवलाय, त्यांचा हट्ट शीआनचा, ती मातीच्या सैनिकांची फौज (टेराकोटा आर्मी) बघायचीच म्हणतात. ट्रॅव्हलवाला म्हणतो एका दिवसात उरकून देतो. जमंल काय? आणि बाबा माळकरी, मांस-अंडं काही चालत नाही. आपल्या भागातलं कोण जाऊन आलंय का?

टिळकवाडीचा दादा:
एक दिवस अजिबात करू नका ओ. फौजेचं म्युझियम गावात नाही, लिनतोंगला आहे, साधारण चाळीस किलोमीटर बाहेर, जाऊन येऊन बघण्यातच दिवस संपतो. 1974 ला शेतकरी विहीर खणत होते तेव्हा ते सापडलं. पहिल्या खड्ड्यापाशी घाईनं फोटो काढून पळू नका, कठड्याला धरून निवांत उभं राहा आणि चेहरे बघा, वेगवेगळे आहेत सगळे. मूळचे रंगीत होते, मातीतून बाहेर काढल्यावर हवा लागून रंग उडाला, आणि ज्या सम्राटासाठी हे केलं त्या छिन शी हुआंगची कबर अजून उघडलेलीच नाही. मी तिथं गप्पच झालो होतो.

पण खरं सांगू, तुमच्या बाबांना फौजेपेक्षा जास्त आवडंल तो मोठा रानहंस पॅगोडा. चिनी बौद्ध भिक्खू युआन श्वांग आपल्याकडून परत गेला 645 मध्ये, त्यानं नेलेले ग्रंथ आणि मूर्ती ठेवायला 652 मध्ये तो बांधला. हाच माणूस चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला होता, महाराष्ट्राचे लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा बदला घेतल्याशिवाय राहत नाहीत असं लिहून ठेवलंय त्यानं. आपण शाळेच्या ट्रिपला बदामीला जातो ती त्याच पुलकेशीची राजधानी, आणि ते सगळं लक्षात असताना तिथं युआन श्वांगच्या पुतळ्यासमोर उभं राहायचं म्हणजे काय वाटतं ते जाऊनच कळतं. बीजिंगमधला एखादा दिवस कमी करा पण इथं नीट वेळ द्या.

संध्याकाळी शहराच्या तटावर जावा. मिंग राजघराण्याच्या काळातला, पूर्ण फेरी जवळजवळ चौदा किलोमीटर, वर सायकल भाड्यानं मिळते, रुंदी एवढी की दोन टेम्पो आरामात शेजारून जातील. नोव्हेंबरात थंडी असते, स्वेटर, कानटोपी घ्या.

खानापूरची ताई:
जेवणाचं मी सांगते. ड्रम टॉवरच्या मागं मुस्लिम गल्ली आहे, फिरायला छान, आत जुनी मशीद आहे ती तर बघाच, बांधणी अगदी चिनी देवळासारखी. पण खायला तिथं बहुतेक सगळं मटण-बीफ, बाबांना वास सहन होईल का बघा. लिआंगपी म्हणून थंड शेवया मिळतात, व्हिनेगर आणि तिखट तेल घालून, त्या बिनमांसाच्या असतात, तरी विचारून घ्या. गरम नूडल्सच्या वाडग्यापासून मात्र लांब राहा, वरनं भाजी दिसते पण रस्सा हाडांचा असतो बऱ्याचदा. "मांस नको, अंडं नको, रस्सापण मांसाचा नको" हे चिनीत लिहून घेऊन मोबाईलमध्ये ठेवा. लिनतोंगची डाळिंबं प्रसिद्ध आहेत, रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात. स्टेशनवर उकळतं पाणी फुकट मिळतंय, त्यामुळं पोहे, उपमा यांची रेडी पाकिटं आणि शेंगाचटणी घेऊन जावा, बाबांचं काही अडणार नाही.

उद्यमबाग:
अलीपे म्हणून मोबाईलवरनं पैसे द्यायचं चिनी ॲप आहे, त्याला कार्ड इथनंच जोडून घ्या, तिथं रोख पैशांचा व्यवहार फार कमी. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, रेल्वे आणि म्युझियम दोन्हीकडं तिकीट पासपोर्टवरच. बीजिंगहून फास्ट ट्रेननं जावा, विमानापेक्षा बरं पडतंय.

निपाणीकर:
लई उपकार. दादा, पुलकेशीचं वाचून दाखवलं तर बाबांनी लगेच जुनी वही काढली कपाटातनं. ट्रॅव्हलवाल्याला आजच फोन करून दिवस वाढवायला सांगतो. त्या पॅगोड्यात वर चढायला लागतं का? बाबांचे गुडघे दुखतात.

टिळकवाडीचा दादा:
सात मजले, आतनं लाकडी जिना, वर जायचं तिकीट वेगळं. बाबांना खालीच बसवा, आवारात देऊळ, बाग सगळं आहे. तुम्ही तेवढं वर जाऊन या.