ट्रॉयच्या युद्धातली बंदिनी ब्रिसेइस, तिला बोलतं केलं, की आपलंच म्हणणं तिच्या तोंडी घातलं?

काकडीची_कोशिंबीर:
जुन्या ग्रीक कथा त्यातल्या बायकांच्या तोंडून सांगणाऱ्या कादंबऱ्या ओळीने तीन वाचल्या. मॅडलिन मिलरची 'सर्सी', पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (दोन्ही २०१८ च्या) आणि अ‍ॅटवूडची 'पेनेलोपियाड' (ओडिसियसची बायको पेनेलोपी सांगते ती). स्पष्ट सांगते, तिसरीपर्यंत कंटाळा आला. सगळ्या बायका सारख्याच, हुशार, कडवट, कालच थेरपिस्टकडे जाऊन आल्यासारख्या. जादूगारीण सर्सीचंच घ्या, होमरच्या ओडिसीत ती ओडिसियसच्या खलाशांना चीज, मध, सातूचं पीठ दारूत कालवून देते, काठी मारते की झाली डुकरं. का? होमर सांगतच नाही आणि तिची जरब त्यातच आहे. मिलर आधी तिच्यावर बलात्कार घडवते, मग डुकरं. बाईच्या हातात ताकद दाखवायची तर आधी तिच्यावर अत्याचार व्हायलाच हवा का?

उंटावरचा_शहाणा:
अहो पण ताकद आधीपासून आहेच की, सिला नावाच्या अप्सरेची राक्षसीण ती कितीतरी आधी करते, तेही निव्वळ मत्सरापोटी! आणि ओडिसियसच्या घरच्या त्या बारा दासींचं काय? ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात आधी त्यांच्याकडूनच ओडिसियसने मारलेल्या मागणीदारांची प्रेतं उचलून घेतात, टेबलं-खुर्च्या स्पंजने पुसून घेतात आणि मग त्याचा मुलगा टेलेमॅकस जहाजाच्या दोराने त्यांना ओळीने फाशी देतो. जाळ्यातल्या पाखरांसारखे पाय झाडले, फार वेळ नाही, बस्स. अ‍ॅटवूडने २००५ मधे त्यांचा कोरस केला, गाणी काय म्हणतात, ओडिसियसवर खटला काय भरतात. त्या कुठून थेरपीवाल्या वाटल्या तुम्हाला?

जुनापुराणा:
होमरला एवढं झोडपू नका राव. त्याच्या इलियडचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या काव्याचा, एकोणिसावा सर्ग काढा. ब्रिसेइस, ग्रीक वीर अकिलीसची बंदिनी, अख्ख्या काव्यात तिथेच बोलते, त्याचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून. नवरा डोळ्यांदेखत गेला, तिन्ही भाऊ गेले, हा एकटाच रडू नको म्हणायचा. मग बाकीच्या बायका रडतात, वरवर पॅट्रोक्लससाठी, खरं तर जी ती आपापल्या दुःखाला. एका ओळीत काम झालं. बार्करबाईंना त्याला कादंबरी लागली, तीही अर्ध्यातून ब्रिसेइसला सोडून अकिलीसच्या डोक्यात शिरते, मग सायलेन्स नक्की कुणी मोडला?

उंटावरचा_शहाणा:
ओळ जबरीच आहे, मान्य. पण रडायची परवानगी कुणासाठी मिळाली तर ज्यांनी पकडून आणलं त्यांच्यातल्याच एकासाठी! नवऱ्यासाठी रडली असती तर कुणी ऐकून घेतलं असतं?

शेवयांची_खीर:
मधेच घुसते. हे फॅड आजचं नाहीये, इ.स.पू. ४१५ मधे युरिपिडीसने 'ट्रोजन विमेन' लिहिलं, हरलेल्या ट्रॉयच्या हेकुबा, कॅसँड्रा, अँड्रोमॅकी सगळ्या बोलतात (करणारे नट पुरुषच, ते सोडा). आणि त्या दासींबद्दल, एमिली विल्सनने २०१७ मधे अनुवाद केला, बाईने केलेला छापील असा पहिला पूर्ण इंग्रजी ओडिसी. तिने दाखवलं की ग्रीकमधे टेलेमॅकस त्यांना नुसतं 'त्या' म्हणतो, शिव्या आधीच्या इंग्रजी अनुवादकांनी घातल्यात. मग 'मूळ होमर' म्हणून आपण वाचतो काय?

काकडीची_कोशिंबीर:
सिलाचं विसरलेच होते, तेवढं मागे घेते. बलात्काराचं नाही घेत. आणि दासी आवडल्याच हो, कंटाळा पेनेलोपीचा आला, मेल्यावरसुद्धा, जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनच्या नावाने बोटं मोडत बसते.

जुनापुराणा:
ती मात्र अस्सल वाटली मला 😄