वंशावळीच्या पुढचं
घराण्याचा इतिहास जपायचा तर आधी वंशावळ लिहून काढा, असं सुचवलं जातं. जरूर काढा, पण नावं-तारखांवर थांबू नका. सोलापूरच्या पूर्व भागात कापडाच्या मागावर विणण्यात आयुष्य काढलेली माणसं अजून आहेत. तुटलेला धागा कसा सांधायचा, कांड्या (विणायच्या धाग्याची छोटी रिळं) कोण भरायचं, पगाराच्या दिवशी घरात काय शिजायचं, हे विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. आजी तेलुगूत सांगत असेल तर तेलुगूतच सांगू द्या, मराठी नंतर करता येतं.

स्वातंत्र्यलढ्यात सोलापुरात लागलेला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा), १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे पुस्तकांत सापडतील. तेव्हा आपल्या बोळात काय चाललं होतं, हे मात्र घरातल्या आठवणींतच आहे. आणि जुन्या फोटोंमागे नावं लिहा, मऊ पेन्सिलीने. शाई पुढे उमटते.